मूडलवरचं कोर्सचं पान मोबाईलवर सापडतच नाही पोरांना, मांडणी कशी करावी?

सातपुडा_पायथा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे केळी लागवडीचा सर्टिफिकेट कोर्स मूडलवर (ऑनलाइन शिकवायची वेबसाइट) चालतो, यंदा तो माझ्या गळ्यात पडला. पोरं रावेर, यावल, चोपडा साईडची, बहुतेक सगळी मोबाईलवरच बघतात. पान असं आहे की वर गेटचा भलामोठा फोटो, मग प्राचार्यांचा संदेश, मग ‘नोट्स’ नावाचं सेक्शन ज्यात सगळ्या पीडीएफ, खाली ‘व्हिडिओ’, त्याखाली ‘टेस्ट’. फाइलींची नावं ‘युनिट2_नवीन_फायनल’ नाहीतर ‘स्कॅन0014’. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून राहिले, सर करप्याचं (पानांवर डाग पाडणारा रोग) कुठंय. विकली फॉरमॅट (आठवड्यावार सेक्शन) करू का टॉपिकवालं (विषयवार)? का आयटीवाल्याकडे रंगीत टाइल्सचं प्लगइन मागू? मूडलचं व्हर्जन 4.5 आहे.

ठिबक_चालू
टाइल्सचं नंतर बघा भो. नोट्स, व्हिडिओ, टेस्ट ही वाटणी शिकवणाऱ्याच्या लॅपटॉपातली आहे, पोराला करपा शिकायचाय तर त्याला तीन सेक्शन पालथे घालावे लागतात. सेक्शन पिकाच्या कामाप्रमाणे पाडा, म्हणजे रोपं आणि लागण, ठिबकमधून खतं, करपा आणि सीएमव्ही (केळीचा विषाणू रोग), घडाची निगा आणि कापणी. करप्याच्या सेक्शनमध्ये सगळ्यात वर दोन ओळी, काय बघायचं ते, खाली पानावरच्या डागांचे फोटो, मग व्हिडिओ, मग तिथंच क्विझ. फाइलीला पण माणसासारखं नाव द्या, ‘ग्रँड नैन 1.5 बाय 1.5 मीटरवर: एकरी रोपं किती’ (ग्रँड नैन म्हणजे केळीची जात) असं दिसलं की कोणी विचारणार नाही उघडून काय निघेल. आणि कोर्स सेटिंगमध्ये कोर्स लेआउट आहे तिथं एका पानावर एकच सेक्शन करून टाका, स्क्रोलिंग संपलं.

मोलगी_मॅडम
विकली घेऊ नका हो दादा, त्याच्या तारखा कोर्स सुरू झाल्याच्या तारखेपासून आपोआप पडतात, मध्ये दिवाळी आली, परीक्षा आल्या, इलेक्शन ड्यूटी लागली की पान एक सांगतं आणि वर्ग भलतीकडेच. कस्टम सेक्शन घ्या, 4.4 पासून टॉपिकचं तेच नाव आहे. पण ठिबकवाल्या भाऊंचं ते एका पानावर एक सेक्शन मला पटत नाही. माझी मुलं अक्कलकुवा, धडगावकडची, रेंज असते नसते, दर टॅपला नवीन पान लोड होणार म्हणजे गोल चक्र फिरत बसणार. मी सगळं एकाच पानावर ठेवते, 4.0 पासून सेक्शन मिटवता येतात, सगळे मिटलेले असले की पान एका हाताच्या स्क्रीनवर मावतं. चालू सेक्शनच्या मेनूत हायलाइट करायचं. खरा घोटाळा त्या स्कॅनचा आहे, मोबाईलने फोटो काढून जोडलेल्या पीडीएफ नुसत्या जड, त्या आधी कमी साइजच्या करा. मूडलच्या अ‍ॅपमधून कोर्स आधीच डाउनलोड होतो, पोरं तालुक्याला आली की वायफायवर उतरवून घेतात. गेटचा फोटो तेवढा काढा बाई.

भरीत_पुरी
एक सांगून ठेवतो, चालू बॅच आहे ना, तर जुन्या क्विझ डिलीट करून नव्याने टाकू नका, पोरांनी सोडवलेलं आणि मार्क सगळे जातील. एडिट मोड चालू करून ओढून दुसऱ्या सेक्शनमध्ये न्या, मार्क जागचे हलत नाहीत. लावून झालं की वरच्या नावावर क्लिक करून रोल बदला, स्टुडंट म्हणून बघा, आणि ते पण मोबाईलवर.

सातपुडा_पायथा
मस्त भो. मॅडमचंच करतो, एकच पान, मिटलेले सेक्शन, वाघझिऱ्याकडची पण दोन-तीन पोरं आहेत. 4.5 मध्ये ते सबसेक्शन आलेत ना, करपा आणि सीएमव्ही वेगळे पाडू का त्यात?

ठिबक_चालू
रेंजचा मुद्दा मान्य. सबसेक्शन पाडा पण त्या एकाच ठिकाणी, सगळीकडे पाडत बसले तर आत-आत शिरता शिरता पोरगं परत व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.

सातपुडा_पायथा
बरं. आणि प्राचार्यांचा संदेश? काढला तर मला बोलावणं येईल.

मोलगी_मॅडम
काढायचा कशाला, ‘पेज’ बनवून त्यात टाका आणि शेवटी ‘कोर्सविषयी’ सेक्शनमध्ये ठेवा. साहेबांनी विचारलं की थेट त्या पेजची लिंक पाठवायची.