वंशाचा रकाना झाकला, मग एमआयटी आणि येलचे आकडे इतके वेगळे का?

सावली२१:
अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशांवर निबंध लिहितेय आणि एका जागी अडकलेय. २९ जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यात प्रवेश देताना वंश बघायला मनाई केली. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या नव्या तुकडीत कृष्णवर्णीय मुलं साधारण १३ टक्क्यांवरून ५ वर आली, ॲमहर्स्ट कॉलेजात ११ वरून ३ वर. येलमध्ये मात्र १४ चे १४च. निकाल सगळ्यांना एकच ना? की कुणी लबाडी करतंय?

जुना_अर्जवाचक:
लबाडीचा संशय शेवटी घ्या. आधी आकडा कशाचा ते बघा. निकालानंतर वंश न सांगणारी मुलं वाढली, हार्वर्डला ४ टक्क्यांची ८ टक्के झाली. काही कॉलेजं त्यांना गणतीतून वगळून टक्के काढतात. एका वर्षावर निबंध उभा करू नका.

आता माझं. २००० च्या आसपास मी टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात अर्ज वाचायचो. १९९६ च्या हॉपवूड खटल्याच्या निकालाने आम्हाला तेव्हाच वंश बघायला बंदी होती. २०२३ ची रंगीत तालीमच म्हणा. त्यावर विधिमंडळाने १९९७ मध्ये तोडगा काढला: आपापल्या शाळेत वरच्या १० टक्क्यांत असाल तर सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. मी हे सांगायला एका शाळेत गेलो. एक मुलगी वर्गात चौथी. प्रवेश कायद्यानेच तिच्या खिशात, आणि तिने अर्जच केलेला नव्हता! वडिलांनी फीचा आकडा कुठेतरी वाचून विषय संपवला होता. त्या शाळेतून वर्षानुवर्षं आमच्याकडे कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे कुणाला विचारणार?

अर्जातल्या वंशाच्या रकान्याचं भांडण अर्ज आमच्या टेबलावर आल्यावरचं. ती मुलगी टेबलापर्यंत पोचतच नव्हती. टेक्सासमधल्याच ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठाने हे ओळखून अशाच शाळांसाठी खास शिष्यवृत्ती काढली होती. नुसत्या १० टक्क्यांच्या नियमाने भागलं नसतं.

तिरकस:
पण काका, १० टक्क्यांचा नियम चालतो तो शाळाच वंशावर वाटल्या गेल्यात म्हणून. कृष्णवर्णीय वस्तीतली शाळा तशीच राहिली तरच तिचे १० टक्के कृष्णवर्णीय येणार. वस्त्या मिसळल्या की योजना ढेपाळली!

जुना_अर्जवाचक:
बरोबर पकडलंत. हे आम्हीही बोलायचो, पण चहाच्या वेळी. शिवाय जागा पुरेनात म्हणून ऑस्टिनला ती हद्द पुढे ६ टक्क्यांपर्यंत आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्क्यांपर्यंत खाली आली. आणि हार्वर्डसारख्या खासगी कॉलेजांना ही युक्ती उपयोगाची नाही. देशभर इतक्या शाळा आहेत की नुसत्या पहिल्या नंबरांनीच त्यांच्या जागा कितीतरी वेळा भरतील.

सावली२१:
मग कॅलिफोर्नियाचं काय? तिथे तर १९९६ पासून बंदी आहे.

जुना_अर्जवाचक:
हो, प्रस्ताव २०९, म्हणजे मतदारांनीच कौल देऊन आणलेली बंदी. तिथल्या बर्कली आणि यूसीएलए या सरकारी विद्यापीठांत लगेच घसरण झाली. २००६ ला यूसीएलएच्या साडेचार हजारांवर नवख्यांत कृष्णवर्णीय जेमतेम ९६ येणार, असं दिसल्यावर हाहाकार झाला. मग त्यांनी वाचायची पद्धत बदलली: गुण एकाने आणि बाकीचं दुसऱ्याने असं न वाचता अख्खा अर्ज एकाच वाचकाने वाचायचा. आकडे हळूहळू सावरले, पण त्याला वर्षं गेली. येलबद्दल विचाराल तर मी आतला नाही, पण ते कुठल्या शाळांत जातात आणि पैशांची मदत किती देतात, हे आधी तपासा. प्रवेशाच्या अर्जातल्या निबंधात विद्यार्थ्याने स्वतःचा वंशाचा अनुभव लिहायला कोर्टाने मनाई केलेली नाही, तेही ध्यानात ठेवा.

तिरकस:
ती चौथी आलेली मुलगी आली का शेवटी?

जुना_अर्जवाचक:
आली. पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये आपटली, मला फोन करून रडली, पुन्हा परीक्षेला बसली. पुढच्या वर्षी तिच्या शाळेतून सात अर्ज आले.