पोकेमॉन : तुमची सहा जणांची टीम कशी जमली?

भाचा सातवीत आहे. सुट्टीत माझ्याकडे आला आणि माझा जुना पोकेमॉन फायररेड हा व्हिडिओ गेम घेऊन बसला. पोकेमॉन म्हणजे त्यातले लढणारे प्राणी, टीममध्ये सहा ठेवता येतात. त्याने आगीचा चारमँडर निवडला, सगळी लढाई त्याच्याकडूनच करून घेतली आणि पहिल्याच जिममध्ये, म्हणजे लढतीच्या आखाड्यात, तिथला दगडवाला ब्रॉकने लोळवला. "मामा, माझा चारमँडर एवढा स्ट्राँग असून कसा हरतो?" दगडावर आग चालत नाही हे सांगून झालं, पटलं नाही. म्हटलं, जाणत्यांना विचारू. टीम कुठे अडली, कोणाला काढलंत, कोणाला घेतलंत, सविस्तर येऊ द्या.

*

ब्रॉकपाशी न अडलेला माणूस विरळाच! मी पोकेमॉन यलो खेळायचो, त्यात सुरुवातीलाच विजेचा पिकाचू गळ्यात पडतो. ब्रॉकचा ओनिक्स रॉक आणि ग्राउंड टाइपचा, त्यामुळे विजेचा परिणाम शून्य. मी सुरवंट पकडला. कॅटरपी सातव्या लेव्हलला मेटापॉड, दहाव्याला बटरफ्री आणि लगेच कन्फ्यूजन हा हल्ला शिकतं. तोवरचं मेटापॉड म्हणजे नुसतं टणक होत बसणारं गाठोडं, पण जीव लावून वाढवलं. हे सगळं सायबर कॅफेत, तीन नंबरच्या मशीनवर. पुढच्या शनिवारी गेलो तर माझ्या सेव्हवर कोणीतरी स्वतःचा खेळ सेव्ह करून ठेवलेला. बटरफ्रीसकट सगळं गेलं. अजून दुखतं.

*

भाच्याला सांगा, विरिडियनच्या पश्चिमेला रूट २२ वर मँकी हा फायटिंग टाइपचा पोकेमॉन मिळतो. फायररेडमध्ये त्याच्या लो किकचा मार समोरच्याच्या वजनावर ठरतो आणि ओनिक्स तब्बल २१० किलोचा. बाकी तुम्हीच समजा. चारमँडरच हवा असेल तर तेराव्या लेव्हलला मेटल क्लॉ हा पोलादी वार येईपर्यंत दम धर म्हणावं.

*

माझी जखम म्हणजे पोकेमॉन गोल्डमधल्या जिमवाल्या व्हिटनीची मिलटँक. गाय हो, साधी गाय! रोलआउट हा हल्ला सुरू केला की दर फेरीला मार दुप्पट. पहिल्यांदा हसू येतं, चौथ्या फेरीला आपलं कोणी उभं नसतं. मध्येच दूध पिऊन ताजीतवानी होते ते वेगळंच. आणि खरी मेख अट्रॅक्टमध्ये, म्हणजे विरुद्ध लिंगाच्या पोकेमॉनला भुलवण्यात. मिलटँक कायम मादी, आपला स्टार्टर (सुरुवातीला मिळणारा पोकेमॉन) बहुतेक वेळा नर, म्हणजे तो प्रेमात पडून अर्धा वेळ नुसता बघत बसतो. माझा क्विलावा असाच बसला होता, बावळटासारखा.

चार-पाच वेळा हरल्यावर मी गुहेत जाऊन दगडाची मादी जिओड्यूड शोधली. अट्रॅक्ट बाद, आणि रोलआउट आणि तिचा दुसरा हल्ला स्टॉम्प, दोन्हींचा मार निम्मा. दुसरा मार्ग त्याच गावातल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये आहे : ड्राउझी द्या, बदल्यात फायटिंग टाइपचा मचॉप घ्या. तो मला जिंकल्यावर कळला! तेव्हापासून नवीन कोणाला टीममध्ये घेताना आधी बघते, बाकीचे पाच ज्याच्यापुढे कोसळतात त्याच्यासमोर हा उभा राहील का.

*

मी अपवाद. एकच ब्लास्टॉइज फुगवायचा, बाकी पाच जण पिशव्या धरायला. संपला खेळ.

*

वरच्यांना : पिशव्या धरणाऱ्यांवरून आठवलं. पोकेमॉन डायमंडमध्ये माझा बिबॅरल असाच हमाल होता. झाड तोड, दगड फोड, पाण्यातून ने, धबधबा चढव, ही चारही एचएमची (वाट मोकळी करणाऱ्या हल्ल्यांची) कामं त्याच्याकडे. सोय भारी, पण एलिट फोरला, म्हणजे शेवटच्या चार लढवय्यांपाशी, लक्षात आलं की लढणारे पाचच आहेत, आणि मध्ये टीम बरी करणारं पोकेमॉन सेंटर नाही. शेवटी चॅम्पियन सिंथिया. तिचा पहिलाच स्पिरिटूम घोस्ट-डार्क, तेव्हा त्याला कमजोरीच नव्हती (फेअरी टाइप आला २०१३ मध्ये). मग लेव्हल ६६ चा गारचॉम्प. त्याला आइसचा मार चौपट लागतो हे पाठ होतं, पण टीममध्ये आइस कोणाकडे? कोणाकडेच नाही. हमालाच्या जागी एक आइसवाला आणला असता तर बॅगेतले सगळे रिव्हाइव्ह (बेशुद्ध पोकेमॉनला उठवणारं औषध) उधळावे लागले नसते.

*

मी मोबाइलवरच्या पोकेमॉन गो वाली. लॉकडाऊनमध्ये ग्रेट लीग सुरू केली, १५०० सीपीची (ताकदीच्या आकड्याची) मर्यादा आणि तीनच जण. पहिला म्हणजे लीड स्वॅम्पर्ट, मागे अझुमारिल, आणि तिसरा जो आवडेल तो. अझुमारिल म्हणजे भक्कमच, तरी हरत होते. अहो शेजारी बसून चहा पिता पिता म्हणाले, "अगं, दोघं पाण्याचे. समोर गवत आलं की दोघं एकदम आडवे." खरंच की! गवताचा व्हीनसॉर दिसला की स्वॅम्पर्ट अडीचपट मार खायचा आणि बदली म्हणून मी अझुमारिल पाठवायचे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिसरी अल्टारिया घेतली. ड्रॅगन-फ्लाइंग असल्याने गवताचा मार तिला जेमतेम चाळीस टक्के लागतो. तिघांपैकी सीपी तिचाच कमी, पण गवत आलं की तीच तारते. अहोंना हे श्रेय अजून दिलेलं नाही, इथेच देते.

*

सगळ्यांचे आभार. ताजी खबर : मँकी पकडला, नाव ठेवलं माकडू. ब्रॉक पहिल्या फटक्यात गेला. आता पुढच्या जिममधल्या मिस्टीच्या पाण्याच्या स्टारमीपुढे घोडं अडलंय, तेही लेव्हल २१ च्या. नगेट ब्रिजपलीकडे ओडिश मिळतो, गवताचा आहे, घे म्हटलं. नको म्हणतो, "मुळ्यासारखा दिसतो." सध्या तो माकडूची लेव्हल वाढवतोय आणि मी त्याला मुळ्याचे पराठे खाऊ घालतोय.