आमदार ड्रेनेजसाठी धावतात, विधानसभेत गप्प का?

रामबागकर:
आमच्याकडे इंदूरला ड्रेनेज तुंबलं की आमदार स्वतः येऊन उभे राहतात. खरं तर ते काम पार्षदाचं (नगरसेवकाचं) आणि महानगरपालिकेच्या, म्हणजे निगमच्या झोन कार्यालयाचं. भोपाळला विधेयकांवर चर्चा होते तेव्हा मात्र ते बोलत नाहीत, मत तर पक्ष सांगेल तसंच. असं का होतं? आणि मतदारांनी काय केलं तर फरक पडेल?

लोकमान्यनगर:
मुख्य कारण दहावी अनुसूची, म्हणजे 1985 चा पक्षांतरबंदी कायदा. व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षानं 15 दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. पूर्वी एक तृतीयांश आमदार बाहेर पडले की 'फूट' म्हणून खपायचं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं ती वाट बंद केली, आता विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. म्हणूनच मार्च 2020 मध्ये आपल्या मध्य प्रदेशातल्या 22 आमदारांनी सरळ राजीनामेच दिले. इंदूरजवळच्या सांवेरची पोटनिवडणूक त्यातूनच झाली.
त्यात बहुतेक विधेयकं आवाजी मतानं पास होतात. कोणी 'हो' म्हटलं, कोणी 'नाही', याची नोंदच राहत नाही. ज्या कामाचं श्रेय मिळत नाही आणि हिशेबही कोणी मागत नाही, त्यासाठी रात्री बसून विधेयक कोण वाचणार?

तोफखाना:
व्हिप मताला बांधतो, तोंडाला नाही. तोंड बंद ठेवतं ते तिकीट. सुमित्राताई महाजन 1989 पासून सलग आठ वेळा इंदूरहून लोकसभेवर निवडून आल्या, तरी 2019 मध्ये उमेदवारी श्रेष्ठींकडे अडकून राहिली आणि शेवटी त्यांनीच पत्र काढून 'लढणार नाही' असं कळवलं. जिथे ताईंची ही गत, तिथे पहिल्यांदा निवडून आलेल्यानं पक्षाविरुद्ध काय बोलावं?
दुसरं, मंत्रिपद. सभागृहाच्या 15 टक्क्यांची मर्यादा आहे, 230 आमदारांमध्ये मुख्यमंत्री धरून 34-35 जण. बाकीचे पुढच्या विस्ताराची वाट बघतात, नाहीतर सरकारी निगम-मंडळावरच्या पदाची. ड्रेनेजपाशी उभं राहण्यात मात्र कोणाची परवानगी लागत नाही आणि लोक ते लक्षात ठेवतात.

रामबागकर:
पटलं. मग मतदारानं नेमकं काय करावं?

लोकमान्यनगर:
आमदार मोकळा असतो ती जागा धरा: प्रश्नोत्तराचा तास. तिथे व्हिपचा संबंध नाही, आणि सत्ताधारी आमदारही मंत्र्याला विचारू शकतो.
'पाण्याची समस्या सोडवा' असं निवेदन देऊ नका, त्याचं पुढे काही होत नाही. प्रश्नच तयार करून द्या. विभाग एक, विषय एक. योजनेचं नाव, मंजुरीची तारीख, किती रक्कम मंजूर, किती खर्च, काम कोणत्या तारखेपर्यंत, उशिराला जबाबदार कोण. सोबत माहिती अधिकारात मिळालेला कागद जोडा. कागद हातात असला की आमदारालाही बोलायचा धीर येतो. अधिवेशनाची अधिसूचना निघाली की लगेच पोचवा, कारण प्रश्नांची मुदत सत्र सुरू व्हायच्या बऱ्याच आधी संपते. बहुतेक जण इथेच चुकतात.
तारांकित प्रश्न मागा. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी येतं, तारांकितवर पूरक प्रश्न विचारता येतात. मंत्र्यांनी उत्तरात 'कार्यवाही करू' म्हटलं तर ते आश्वासन ठरू शकतं, आणि अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधानसभेची आश्वासन समिती असते. पुढच्या सत्राआधी त्याच उत्तराची प्रत घेऊन आमदारांकडे पुन्हा जा.