चित्र थरथरतंय? आधी फील्ड ऑर्डर बघा

मुंजीची मिनी डीव्ही टेप (कॅमेऱ्याची छोटी कॅसेट) डीव्हीडी डिस्कवर टाकली आणि टीव्हीवर कोणी हललं की चित्र थरथरतं म्हणताय ना, तर ते ९० टक्के फील्ड ऑर्डरचं लफडं आहे, कॅमेऱ्याचं नाही. एकेक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन फील्डची असते, त्यातली आधी कुठली दाखवायची ती फील्ड ऑर्डर. डीव्ही टेपमध्ये खालची फील्ड आधी असते आणि बरीच सॉफ्टवेअरं आपोआप 'अप्पर फर्स्ट' धरतात, मग हललेला हात पुढे-मागे पुढे-मागे नाचतो. आउटपुटला 'लोअर फर्स्ट' करा. आणि डीइंटरलेस (दोन फील्डची मिळून एक सलग फ्रेम करणं) वगैरे करत बसू नका, टीव्हीवरच बघायचंय ना.

कोणी कोणी डिस्क एनटीएससीत (अमेरिकेतली टीव्ही पद्धत, ४८० ओळींची) बनवा म्हणतात, का ते कळलं नाही. आपला कॅमेरा पॅल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, ते तसंच ठेवायचं. ४८० ला आणलंत तर चित्रही जातं आणि चालही बिघडते. अमेरिकेतल्या आत्याला पाठवायची असेल तर तिची वेगळी बनवा, तिथले बरेच प्लेअर पॅल घेत नाहीत.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) म्हणाल तर ४.७ जीबीच्या डिस्कवर तासभरच असेल तर ८ एमबीपीएस बिनधास्त, दोन तास कोंबायचे तर साडेचार-पावणेपाच, त्याहून जास्त वेळ कोंबून बिटरेट आणखी उतरवला तर हळदीचा पिवळा रंग चौकोन चौकोन दिसायला लागतो (आमच्याकडे दिसलाय, आई अजून बोलते). आवाज पीसीएम (न दाबलेला) ठेवू नका, दीड एमबीपीएस उगाच खातो, डॉल्बी (दाबलेला आवाज) १९२ केबीपीएस पुरे.

आधी दोन मिनिटांचा तुकडा रीरायटेबल (पुसून परत वापरता येणाऱ्या) डिस्कवर टाकून बघा.