अनुभव धागा: कवडीमोल समजल्या गेलेल्या रिअर-व्हील ड्राइव्ह अमेरिकन गाड्या

मस्टँग, कॅमॅरो, कॉर्व्हेटवर लिहायला सगळेच पुढे असतात, त्यामुळे त्यांना इथे बंदी. हा धागा त्यांच्या दुर्लक्षित भावंडांचा, ज्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो: फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, शेव्हरोलेची कप्रीस, ब्युकची रोडमास्टर, लिंकनच्या टाउन कार आणि मार्क एट वगैरे. अमेरिकेत उतरल्यावर होंडा नाहीतर टोयोटा घ्यायची, हे आपल्या मंडळींचं ठरलेलं. तरी काही जण वाट वाकडी करून या 'म्हाताऱ्यांच्या गाड्यां'कडे गेले आणि तिथेच रमले. का रमलात ते लिहा. तक्रारी असतील तर त्याही लिहा, नुसत्या आरत्या नकोत.

मिशिगनहून

माझी क्राउन व्हिक पोलिसांकडून निवृत्त होऊन लिलावात निघालेली. घेतली तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर सर्चलाइटचं भोक बुजवायला रबराचं बूच होतं आणि डॅशबोर्डवर रेडिओचे स्क्रू काढल्याच्या खुणा. नातेवाईकांना पहिल्यांदा फिरवायला नेलं तेव्हा मामी मागे बसल्या. पोचल्यावर आम्ही सगळे उतरलो, पुढे गेलो, आणि मागून काचेवर टकटक! पोलीस गाडीत मागची दारं आतून उघडत नाहीत. मामींनी तो विषय आजतागायत सोडलेला नाही.

आता गाडीबद्दल. शासी (खालचा सांगाडा) वेगळी, त्यावर बॉडी, ४.६ लिटरचा व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन), मागे सॉलिड अॅक्सल. म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. कागदावर ट्रकच. पण १९९८पासून मागच्या अॅक्सलला वॉट्स लिंकेज आलं (वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचीच युक्ती). त्यामुळे अॅक्सल वरखाली होतो, पण आडवा सरकत नाही. वळणावर खड्डा आला की फरक बुडाखाली कळतो. फोर्डचा हा पँथर प्लॅटफॉर्म (अनेक गाड्यांचा सामायिक पाया) १९७९च्या मॉडेलपासून २०११पर्यंत चालला. शेवटची गाडी कॅनडात ओंटारियोतल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून बाहेर पडली. पोलीस आणि टॅक्सीवाल्यांनी इतक्या वापरल्या की भंगारवाल्याकडे गेलं आणि पार्ट मिळाला नाही असं सहसा होत नाही. माझं प्रेम निम्मं तरी या एका गोष्टीवर आहे.

कोणी पोलिसांची घेणार असेल तर नुसत्या मैलांवर जाऊ नका. या गाड्या तासन्‌तास उभ्या जागी चालू असतात. शेवटच्या काही वर्षांच्या मॉडेलांत इंजिनाचे तासही दिसतात, ते आधी बघा.

न्यू जर्सीहून

वरच्याशी सहमत, एक पुस्ती जोडतो. माझी मर्क्युरी ग्रँड मार्क्विस, म्हणजे तीच गाडी कोट घालून. १९९६ ते २००१च्या बऱ्याच गाड्यांत इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा पोचवणारा भाग) पूर्ण प्लॅस्टिकचं आहे. पुढे अल्टरनेटरच्या मागे, जिथून कूलंट जातं, तिथे ते तडकतं. बॉनेट उघडून टॉर्च मारा. ओल किंवा वाळलेला पांढरट डाग दिसला तर भाव पाडा, किंवा सरळ घरी या. नवीन मॅनिफोल्डमध्ये तो भाग अॅल्युमिनियमचा येतो. एका शनिवारचं काम आहे, मोठं गॅरेज लागत नाही.

मिनेसोटाहून

थोडं विरजण घालतो. ज्यांना या गाड्या 'साध्या, दणकट' वाटतात त्यांनी जानेवारीत इकडे यावं. मागच्या चाकांवर वजन कमी, पुढे लोखंडाचा व्ही-८. सिग्नल हिरवा झाला की गाडी जागेवर नाचते. डिकीत वाळूची पोती टाकली, चारही चाकांना स्नो टायर लावले, तेव्हा कुठे कामाला जाता आलं. त्यात रस्त्यावरचं मीठ शासी खातं. माझी कप्रीस इंजिनाने नाही, गंजाने गेली. मन लागलं होतं, पण परत घेणार नाही.

डॅलसहून

मिनेसोटाकर, म्हणूनच दक्षिणेतली गाडी शोधावी! आमच्याकडे १९९५ची ब्युक रोडमास्टर वॅगन आहे. बाजूला लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल, मधल्या सीटवर छताला काच, आणि सगळ्यात मागची सीट उलट्या तोंडाची. मुलं तिथे बसून मागच्या गाडीवाल्यांना हात करतात. ट्रॅफिकमध्ये एवढी ओळखदेख कुठल्याच गाडीने करून दिली नसती.

इंजिन ५.७ लिटरचं एलटी-१, २६० हॉर्सपॉवर. कॉर्व्हेटच्या इंजिनाचाच भाऊ, हेड मात्र लोखंडी. एकच दुखणं: ऑप्टिस्पार्क नावाचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) बरोबर वॉटर पंपाखाली बसवलाय. पंप गळला की पाणी थेट त्याच्यावर. हे ज्याला सुचलं त्याला एकदा तो बदलायला लावला पाहिजे. पंप बदलाल तेव्हा त्याच्याकडेही बघाच.

ही गाडी इथून जवळच, आर्लिंग्टनला बनायची. १९९६ला या मोठ्या गाड्या बंद करून ब्युकची मालक कंपनी जीएमने (जनरल मोटर्सने) तो कारखाना ट्रक-एसयूव्हीला दिला. नफा तिकडे होता, गाड्या वाईट नव्हत्या.

कॅलिफोर्नियाहून

लिंकन एलएसचं नाव कोणीच घेत नाही! २०००च्या मॉडेलपासून २००६पर्यंत होती, जॅग्वार एस-टाइपची सख्खी बहीण, मागेही इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. सुरुवातीच्या वर्षांत व्ही-६सोबत चक्क पाच गिअरची मॅन्युअल मिळायची. लिंकन आणि क्लच! घेणारे फार कमी निघाले. माझी तीच आहे. कूलिंगचे प्लॅस्टिकचे भाग पैसे खातात, हे मान्य. पण डोंगरातल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जशी वळते, ते बघून बीएमडब्ल्यूवाला मित्र गप्प बसला.

साताऱ्याहून

आम्ही अमेरिकेत नाही, तरी चालेल ना? आजोबांची डॉज होती, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळवलेली. गिअर स्टिअरिंगवर, पुढे सलग सीट, तिघं सहज बसत. पेट्रोल परवडेना तेव्हा तिला डिझेल इंजिन बसवलं, तशी त्या काळी बऱ्याच जणांनी बसवली. मग ती खंबाटकी घाट ट्रकच्या आवाजात चढायची. शेजारी हसायचे, पण लग्नाचं वऱ्हाड न्यायचं की तेच किल्ली मागायला दारात.

डॅलसहून, परत

सातारकर, फोटो असेल तर टाका. आणि एक काम: माझ्या वॅगनचं डाव्या बाजूचं व्हिनाइल उन्हाने सोलपटलंय. ह्यूस्टन किंवा ऑस्टिनकडे ते नीट चिकटवून देणारा कोणी माहीत आहे का?