डॉन किहोतेने शिलेदारी रोमान्स मारला, हे आता पुरे करा

दौतबोरू

परवा एका साहित्यगप्पांच्या बैठकीत पुन्हा तेच ऐकलं. युरोपात नाइट लोकांच्या अद्भुत कथांचं वेड होतं, १६०५ मध्ये स्पॅनिश लेखक सर्व्हान्टेसचं 'डॉन किहोते' (हो, क्विक्झोटच; असल्या कथा वाचून डोकं फिरलेल्या, स्वतःलाच नाइट समजणाऱ्या माणसाची विनोदी कादंबरी) आलं आणि एका फटक्यात तो प्रकार संपला. ऐकायला झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत.

'रोमान्स' म्हणजे इथे प्रेमकथा नव्हे, अद्भुत साहसकथा. 'शिलेदारी' हा शब्दही मुद्दाम वापरतोय. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदार स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन येतो. नाइटला याहून जवळचा शब्द मला सुचला नाही.

गोष्टी जुन्या होत्या हे खरं, पण स्पेनमध्ये त्या फोफावल्या त्या छापखान्यामुळे. 'अमादिस दे गाउला' चौदाव्या शतकापासून लोकांना ठाऊक होता. मेदिना देल काम्पोच्या नगरसभेतल्या मोन्ताल्व्हो नावाच्या गृहस्थाने त्याची जुनी तीन पुस्तकं डागडुजी करून घेतली आणि चौथं जोडलं. आज मिळणारी सगळ्यात जुनी प्रत १५०८ ची, सारागोसाची. १५१० मध्ये अमादिसच्या मुलाचा, एस्प्लान्दियानचा भाग हजर. पुढे नातू, पणतू. १५११ मध्ये पाल्मेरिन नावाचं दुसरं घराणं सुरू. आपल्याकडे मालिकेचा टीआरपी पडला की वीस वर्षांची उडी घेऊन पुढची पिढी आणतात, तोच धंदा.

आता स्पेनमधला शेवटचा नवा शिलेदारी ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'पोलिसिस्ने दे बोएसिया' १६०२ चा आहे. म्हणजे किहोते यायच्या तीन वर्षं आधीच नवा माल यायचा थांबला होता. मढ्यावर तलवार चालवल्याचं श्रेय किती द्यायचं?

स्पष्ट_बोलतो

असहमत. लेखक स्वतः काय म्हणतो ते तरी ऐका. पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत सांगितलंय की हे पुस्तक म्हणजे शिलेदारी ग्रंथांवरचा हल्ला आहे. १६१५ च्या दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटीही तेच: लोकांना त्या थापांची शिसारी यावी, एवढीच माझी इच्छा होती.

नवी पुस्तकं थांबली म्हणजे वाचक संपले, हे कुठलं गणित? जुन्या प्रती वाचल्या जात होत्याच. म्हणून तर किहोतेतल्या खाणावळवाल्याच्या पेटीत ती पुस्तकं निघतात आणि वाचकाला त्यात काही नवल वाटत नाही. किहोतेनंतर मात्र चेहरा सरळ ठेवून असलं काही लिहायची सोय उरली नाही.

दौतबोरू

शेवटचं ते वाक्य पुरतं वाचा की. हे ग्रंथ आत्ताच ठेचकाळतायत आणि लवकरच पडतील, असं तोच म्हणतो. हां, ठेच आपल्यामुळेच लागली असंही वर सांगतो. लेखक तेवढं म्हणणारच.

आणि त्याला त्यांची खरंच शिसारी होती का? सहाव्या प्रकरणात पाद्री आणि न्हावी किहोतेची पुस्तकं जाळायला बसतात. एस्प्लान्दियान अंगणात फेकला जातो, पण अमादिस त्या जातीतला उत्तम म्हणून वाचतो. 'तिरान लो ब्लांक'वर (व्हॅलेन्सिया, १४९०) तर पाद्री जीव ओवाळतो, कारण त्यातले नाइट जेवतात, झोपतात आणि मृत्युपत्र करून अंथरुणात मरतात. पुढे एक धर्मगुरू या पुस्तकांना यथेच्छ झोडपतो आणि मग हळूच कबूल करतो की असल्याच एका पुस्तकाची शंभरावर पानं आपण लिहिली आहेत. झोडपणाऱ्याच्याच टेबलावर हस्तलिखित!

कळस म्हणजे सर्व्हान्टेसचं शेवटचं पुस्तक. 'पेर्सिलेस' १६१७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. जहाजं फुटणं, ताटातूट, वेषांतर, पुनर्भेट, सगळं आहे. जुन्या ग्रीक वळणाचा, पण रोमान्सच. त्याची अर्पणपत्रिका त्याने मरायला टेकला असताना लिहिली.

निशिगंधा

तुम्हा दोघांच्या कुस्तीत वाचणाऱ्या बायका कुठे आहेत? आव्हिलाची संत तेरेसा आत्मचरित्रात सांगते की आईला या पुस्तकांचा नाद होता, तो तिलाही लागला, आणि वडिलांना आवडत नाही म्हणून त्यांच्या नजरेआड वाचावं लागे. स्पॅनिश विचारवंत व्हिव्हेसने १५२४ मध्ये स्त्रीशिक्षणावर जाडजूड ग्रंथ छापला, त्यात ही पुस्तकं बायकांच्या हाती पडू नयेत असा त्याचा आग्रह. ज्या पुस्तकावर एवढा पहारा, त्याला वाचक किती असतील बघा.

नुसत्या वाचकच नव्हत्या. बेआत्रिस बेर्नालचा 'क्रिस्तालियान' १५४५ मध्ये वायादोलिदला छापला गेला. इंग्लंडात १५७८ मध्ये मार्गारेट टायलरने एक स्पॅनिश शिलेदारी ग्रंथ भाषांतरित केला आणि प्रस्तावनेत ठणकावलं की पुरुष आपली पुस्तकं बायकांना अर्पण करतात, तर बायकांनी ती वाचलेली आणि लिहिलेलीही चालली पाहिजेत.

तोफखाना

मारलं ते सर्व्हान्टेसने नाही नि बाजारानेही नाही. बंदुकीच्या दारूने मारलं. १५२५ मध्ये इटलीत पाव्हियाला फ्रेंच सरदारांचं घोडदळ स्पॅनिश बंदूकवाल्यांनी लोळवलं, राजा पहिला फ्रान्सिस कैद झाला. चिलखतातला एकटा वीर कुठे उरला?

इटालियन कवी आरिओस्तोला हे कळलं होतं. 'ओर्लान्दो फुरिओसो' या आपल्या शिलेदारी महाकाव्याच्या १५३२ च्या आवृत्तीत त्याने नवा प्रसंग घातला: ओर्लान्दो शत्रूची बंदूक काढून घेतो आणि शिव्या देत भर समुद्रात बुडवतो. गंमत म्हणजे कवीचा धनी, फेर्राराचा ड्यूक आल्फोन्सो, स्वतः तोफा ओतण्यासाठी प्रसिद्ध!

आणि वाचक-वाचक काय चाललंय? जाडजूड, महाग पुस्तकं. घेणारे सगळे बडे लोक. गेलेल्या जमान्याचे उसासे, दुसरं काय.

दौतबोरू

तोफखाना, हिशेब उलटा पडतोय. स्पेनमध्ये या पुस्तकांचा सुकाळ आला तोच बंदुका आल्यानंतर. पाव्हियाला पकडलेल्या त्याच फ्रान्सिसच्या आज्ञेवरून १५४० पासून एर्बेरे दे एझेसारने अमादिस फ्रेंचमध्ये आणला आणि तिथेही त्याने धुमाकूळ घातला. घोड्यावरून पडलेल्यालाच घोड्याच्या गोष्टी हव्या असतात.

महागाईचं म्हणाल तर तो खाणावळवाला काय सांगतो बघा. कापणीच्या दिवसांत सुट्टीला मजूर जमतात, एकाला वाचता येतं, त्याच्याभोवती तीसेक जण बसून ऐकतात. एक प्रत, तीस जोड्या कान. कादंबरीतला प्रसंग आहे, मान्य. पण वाचकाला पटला नसता तर घातला असता का?

मडगावकार

एक गोंयचो धागो जोडतां. जुवांव द बारुश हे नाव आमच्याकडे 'देकादश द आझिया'मुळे ठाऊक: पोर्तुगीज आशियात कसे पसरले, गोवा कसा घेतला, त्याचा अधिकृत थाटाचा इतिहास, १५५२ पासून छापलेला. याच माणसाने तरुणपणी १५२२ मध्ये 'क्लारिमुंदु' हा शिलेदारी रोमान्स लिहिला होता, पोर्तुगालच्या राजघराण्याला काल्पनिक मूळपुरुष पुरवणारा. पुढे तो लिस्बनच्या कासा द इंदियात, म्हणजे हिंदुस्थानी व्यापार सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत, मोठ्या हुद्द्यावर बसला. हिंदुस्थानात पाऊल ठेवलं नाही. मला विचाराल तर रोमान्स मेला बिला नाही, इतिहासाच्या दफ्तरात जाऊन बसला. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश फौजेतल्या बेर्नाल दियाझलाही मेक्सिकोचं तळ्यातलं शहर पाहून अमादिसच आठवला. आणि कॅलिफोर्निया हे नाव एस्प्लान्दियानमधल्या राणी कालाफियाच्या बेटाचं.

स्पष्ट_बोलतो

जरा सांभाळून. बेर्नाल दियाझने ते लिहिलं म्हातारपणी, ग्वातेमालात बसून, काही दशकांनी. उपमा आहे ती, कबुलीजबाब नव्हे. माणसं समुद्रापार गेली ती सोनं नि जमीन मिळवायला. १५३१ मध्ये राजसत्तेने अमादिससारखी पुस्तकं अमेरिकेला पाठवायला बंदी घातली आणि १५४३ मध्ये पुन्हा घातली. बंदी पुन्हा घालावी लागते म्हणजे पुस्तकं जात होती, एवढंच त्यातून निघतं.

बाकी दौतबोरू, 'मारलं' हा शब्द मागे घेतो. किहोतेने शिलेदारी रोमान्सला दिवाणखान्यातून हाकललं, एवढं ठेवतो. नंतर फ्रान्समध्ये त्र्वा शहरातल्या निळ्या कव्हरांच्या स्वस्त पुस्तिकांतून फेरीवाले 'एमोंचे चार पुत्र' ही जुनी शिलेदारी कथा विकत राहिले, ठाऊक आहे. पण ते बाजारहाटाचं वाचन झालं. मानाचं पान गेलं ते गेलंच.

दौतबोरू

१६८४. पॅरिस. संगीतकार लुलीचा 'अमादिस' ऑपेरा. विषय निवडला होता खुद्द चौदाव्या लुईने. याहून मोठा दिवाणखाना कुठला दाखवता?