घारापुरीच्या अंधकासुरवधात अंधक कुठे आहे?

विक्रोळीची_आई

गेल्या रविवारी लेकीला घारापुरीला नेलं. त्याआधी एकदा सोमवारी सुट्टी बघून निघालो होतो, तर कळलं की सोमवारी लेणी बंद. महादेवाचा वार आणि महादेवच रजेवर, असं म्हणून सासूबाई अजून हसतात. असो. गेटवेवरून तासाभराची लाँच, मग १२० पायऱ्या. निम्म्या पायरीवर माकडाने पेरू पळवला, त्याचं रडं वेगळंच.

मुद्द्यावर येते. मोठ्या लेण्यात पश्चिमेच्या बाजूला अंधकासुरवधाचा पट आहे. शंकराचे डोळे बटबटीत, दात बाहेर, मुकुटात कवटी. एका हातात तलवार, वर हत्तीचं कातडं ताणून धरलेलं. गाईड म्हणाला, "इथे शिवाने राक्षसाला मारलं," आणि पुढे गेला. माझी चौथीतली लेक तिथेच उभी. "आई, राक्षस कुठाय?" मी शोधला. नाहीच. कमरेखाली दगडच फुटलेला.

घरी येऊन वाचलं तर आणखी गोंधळ. अंधक हा शिवपार्वतीचाच मुलगा, असं एकीकडे. दुसरीकडे तो सरळ हिरण्याक्षाचा मुलगा. हरिवंशात तर हजार डोकी, दोन हजार डोळे, तरी आंधळ्यासारखा चालतो म्हणून अंधक! आता लेक रोज विचारते, "बाबांनी मुलाला का मारलं?" काय सांगू? कुणी नीट सांगेल का?

दगडवाचक

पोर हुशार आहे. राक्षस होता, आता नाही. पोर्तुगीज काळात या लेण्यांची फार नासधूस झाली, खालचे भाग तर हाताशी येणारे. सदाशिवाची तीन मुखं वाचली, अंधक गेला.

पुढच्या खेपेला दोन गोष्टी बघा. शिवाच्या हातातलं ते भांडं रक्त झेलायला आहे. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून दुसरा अंधक उठायचा. आणि हत्तीचं कातडं उगाच नाही. एका कथेत याच लढाईत नील नावाचा असुर हत्ती होऊन येतो, वीरभद्र सिंह होऊन त्याला फाडतो आणि कातडं शंकराला आणून देतो.

मग पूर्वेच्या चौकात जा. तिथे बाजूच्या छोट्या गाभाऱ्यात मातृका नावाच्या देवी कोरल्यात. बहुतेक लोक तिथवर पोचतच नाहीत, लाँचची घाई. रक्त पिऊन टाकायला शंकराने ज्या निर्माण केल्या त्या याच मातृका. अंधकाचं पूर्ण रूप बघायचं तर वेरूळ गाठा, १५ नंबरचं लेणं. तिथे खाली हाडकुळी काली रक्तासाठी टपून बसलीय. लेकीला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सरळसोट

एवढा काथ्याकूट कशाला? अंधक म्हणजे अज्ञान, शिव म्हणजे ज्ञान. वराहपुराणात तर मातृका म्हणजे काम, क्रोध, लोभ, मद वगैरे आठ विकार असं स्पष्ट दिलंय. मुलांना हेच सांगावं.

पेटीमृदंग

सरळसोट, नऊ वर्षांच्या पोरीने "बाबांनी मुलाला का मारलं" विचारलं आणि तुम्ही "अज्ञान" म्हणालात, तर ती तुमच्याकडे कशी बघेल ते मला दिसतंय.

ताई, मी शास्त्री नाही. वडील गिरणीत, आम्ही लालबागच्या चाळीत. गावच्या दशावतारी नाटकमंडळात पंधराएक वर्षं राजपार्ट, म्हणजे राजाच्या भूमिका, केले. आमच्याकडे लिहिलेले संवाद नसतात, आख्यान ठाऊक असलं की रंगमंचावर सुचेल ते बोलायचं. अंधक मी दोनदा केला. म्हणून सांगतो, शिवपुराणाची कथा धरा. त्यात माणूस आहे.

पार्वतीने गमतीत मागून येऊन शंकराचे डोळे झाकले. सगळीकडे अंधार. तिसऱ्या डोळ्याची धग, तिच्या हातांचा घाम, त्यातून हे पोर झालं. काळं आणि आंधळं. तिकडे हिरण्याक्ष मुलासाठी तप करत होता, शंकराने पोर त्याला देऊन टाकलं. पुढे वराहाने हिरण्याक्षाला मारलं आणि अंधक राजा झाला.

आता लोक म्हणतात तो पार्वतीवर डोळा ठेवून बिघडला. मला ते पटत नाही. तो बिघडला त्याच्या किती आधी! एक दिवस चुलतभाऊ जमले आणि म्हणाले, तू आंधळा, तू आमच्या रक्ताचा नाहीस, हे राज्य आमचं. तुला महादेवाने दिलंय, पण तू मूळचा कोण? आख्यान इथे वळतं. मी काकांच्या घरी वाढलो. जेवणाच्या पानावर कुणीतरी सहज "तू आमचो नाय" म्हणतं, त्याला उत्तर नसतं. अंधकही भांडला नाही. रातोरात राज्य सोडून रानात गेला, एका पायावर उभा राहिला, स्वतःचं मांस कापून होमात टाकलं. हाडं उरली तेव्हा ब्रह्मदेव आला.

काय मागितलं? दृष्टी, आणि मरण नको. ब्रह्मदेव म्हणाला, मरण कुठूनतरी ठेवावंच लागेल. मग ठरलं की आईसारख्या बाईची इच्छा धरलीस तर मरशील. अंधकाला ती अट फुकट वाटली असणार. आपली आई कोण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! वर मागतानाच फास गळ्यात पडला तो असा.

मग राज्य परत घेतलं, देवांना पळवलं. प्रधानांनी मंदार पर्वतावर एक जटाधारी आणि त्याची देखणी बायको पाहिली, येऊन सांगितलं. सैन्य निघालं. लढाई आम्ही पहाटेपर्यंत खेचायचो. शुक्राचार्य मेलेले दैत्य उठवत होते, म्हणून शंकराने त्यांनाच गिळून टाकलं. मग रक्ताच्या थेंबाथेंबातून अंधक. शेवटी त्रिशूळावर टोचून उचलला, रक्त सुकून गेलं, आणि तिथेच लटकलेला तो स्तुती करू लागला. शंकराने त्याला मारलं नाही ताई. गणांत घेतलं. वामनपुराणात तर तोच भृंगी होतो, शंकराच्या शिल्पांत हाडांचा सापळा दिसतो ना, तो.

तर लेकीला सांगा, मारलं नाही, घरी आणलं. उशिरा आणलं एवढंच.

दगडवाचक

मत्स्यपुराणात मात्र शेवट एवढा शांत नाही. रक्त संपल्यावरही मातृकांची भूक भागत नाही, त्या जगच खायला निघतात. शेवटी नरसिंहाला बोलवून त्यांना आवरावं लागतं. मला हा भाग फार आवडतो. लढाईसाठी उभं केलेलं सैन्य लढाई संपली म्हणून घरी जात नाही.

सरळसोट

मान्य. पण विकारांचं ते रूपकही पुराणातच आहे, मी घरी बनवलं नाही.

विक्रोळीची_आई

सगळ्यांचे आभार. काल रात्री पेटीमृदंग यांनी लिहिलंय तसं सांगितलं. चुलतभावांच्या जागी ती एकदम गप्प झाली. तिच्या वर्गात नवीन आलेल्या मुलीचं नाव घेतलं, पुढे काही बोलली नाही. मग झोपताना विचारलं, "त्याला दिसायला लागल्यावर त्याने सगळ्यात आधी काय पाहिलं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का?

पेटीमृदंग

ब्रह्मदेव समोरच उभा, म्हणजे तोच आधी दिसला असणार. पण मी प्रयोगात त्याच्याकडे पाहिलंच नाही. परळला एका हॉलमध्ये होता खेळ, चाकरमान्यांची गर्दी. डोळ्यांवरची काळी पट्टी काढली आणि आधी स्वतःचे हात पाहिले. उलटे, सुलटे. मग बोटं मोजली. काही सुचेना, म्हणून पुन्हा मोजली. लोक शांत. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळ्याला पदर लावत होती, मला वाटलं आता हे थोडं लांबवावं.

तेवढ्यात पेटीवाला खालून पुटपुटला, "राजानू, लढाई घेवा, पाचची लोकल चुकात."